वाफेवरचा पहारा

आमच्या गावाच्या नावातच नाका आहे. हिंगोलीहून वाशीमकडे निघालेला माणूस कनेरगाव नाक्यावर आला, की मराठवाडा सरत आला आणि वऱ्हाड लागणार, हे त्याला कुणी सांगावे लागत नाही. थोडे पुढे गेले की पानपट्टीचा पानठेला होतो आणि तिथला माणूस ‘खर्रा’ म्हणू लागतो. एके काळी ही हद्द भलतीच खरी होती. अलीकडे निजामाचे राज्य, पलीकडे इंग्रजांच्या ताब्यातले वऱ्हाड. निजामाच्या जकातखात्याला करोडगिरी म्हणत. अशा हद्दीवर माल उतरायचा, गाठोडी सुटायची, मोजदाद व्हायची आणि मग माणूस पुढे जायचा. १९४८ साली संस्थान गेले, १९५६ साली दोन्ही बाजू मुंबई राज्यात आल्या, १९६० साली महाराष्ट्र झाला. पहारेकरी गेले, नाव तेवढे राहिले.

अशा गावात आयुष्य काढलेल्या माणसाला ‘बंदी’ या शब्दाविषयी थोडे अधिक कुतूहल असते. बंदी म्हणजे एक नाकाच. आणि कोणत्याही नाक्याविषयी विचारायचा पहिला प्रश्न असा, की तो कुणाला अडवतो आणि कुणाला सोडतो? ज्याला अडवले त्याचा अपराध, ज्याला सोडले त्याच्या अपराधाहून खरोखर मोठा असतो काय? दिवाळीच्या फराळाशेजारी तंबाखूचा विषय वाढताना मला संकोच वाटतो आहे, नाही असे नाही. परंतु धुराचे आणि दिवाळीचे अगदीच वैर नाही. फटाक्यांना रात्री आठ ते दहा एवढीच वेळ, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली सांगितले. आमच्या आळीतल्या घड्याळांत अजून आठ-दहा वाजायचे आहेत. असो.

१७ सप्टेंबरला आमच्याकडे मराठवाडा मुक्तिसंग्रामाचा झेंडा चढतो. २०१९ साली तो चढला, आणि दुसऱ्याच दिवशी, १८ सप्टेंबरला, दिल्लीत केंद्र सरकारने ई-सिगारेटवर बंदीचा वटहुकूम काढायचे ठरवले. अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी वार्ताहरांना सांगितले, की या वस्तूच्या चारशेहून अधिक जाती बाजारात आहेत, त्यांतली एकही भारतात तयार होत नाही आणि त्यांना दीडशेहून अधिक स्वाद आहेत. डिसेंबरात संसदेने त्याचा कायदा केला. ही वस्तू तयार करणे, आणणे, पाठवणे, विकणे, तिची जाहिरात करणे हा गुन्हा. पहिल्या वेळी एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, पुन्हा केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. साठा करणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. ओढणाऱ्याचे नाव मात्र या यादीत नाही.

वर्तमानपत्र गावात आले. मी त्या वेळी शिकवीत होतो. मधल्या सुटीत आठवीतला एक मुलगा माझ्याकडे आला आणि त्याने विचारले, “गुरुजी, ई-सिगारेट म्हणजे काय? ती कुठं भेटते?” गावातल्या कुणी ती वस्तू पाहिलेली नव्हती, वस्तूच्या आधी तिची बंदी येऊन पोचली होती. मी त्याला सांगितले ते असे, की एक नळी असते, तिच्यात बॅटरी असते, तारेचे वेटोळे तापते आणि एक द्राव उकळून त्याची वाफ होते. त्या द्रावात ग्लिसरीनसारखी द्रव्ये, स्वाद आणि बहुधा निकोटीन असते. निकोटीन म्हणजे तंबाखूतले तेच सत्त्व, जे माणसाला दुसऱ्यांदा आणि तिसऱ्यांदा बोलावते. तो मुलगा क्षणभर विचार करून म्हणाला, “म्हणजे जळत काहीच नाही?” नाही, जळत काही नाही. या एका प्रश्नात त्या पोराने सगळ्या वादाचे मूळ पकडले होते. विडी-सिगारेटीत पान जळते आणि जळण्यातून डांबर व कार्बन मोनॉक्साइड निघतो. माणसाला खुणावते निकोटीन, पण मारतो मुख्यतः तो धूर. चीनमधील होन लिक या औषधशास्त्रज्ञाने २००३ साली आजच्या धर्तीची ही नळी घडवली, तेव्हा त्याची कल्पना अशी, की खुणावणारे राहू द्यावे आणि मारणारे काढून टाकावे.

आता यात नैतिक प्रश्न कोणता? मला तो एका इतिहासातल्या गोष्टीत सापडतो, आणि ती गोष्ट आपल्या दक्षिणेतलीच आहे. अकबराचा एक सरदार, असद बेग, विजापूरला वकिलीवर गेला होता. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी आणलेली तंबाखू तोवर दख्खनेत रुळली होती. त्याने ती आणि एक नटवलेली चिलीम बादशहासाठी नेली. अकबराने झुरका घेतला. दरबारातल्या हकिमांनी हरकत घेतली: हे औषध अपरीक्षित आहे, आमच्या ग्रंथांत याविषयी अक्षर नाही, बादशहाच्या देहावर आम्ही प्रयोग कसा होऊ द्यावा? असद बेग मोठा वाक्पटू. त्याने सुनावले, की फिरंगी काही मूर्ख नाहीत, त्यांच्यातही शहाणे आहेत, आणि प्रत्येक रूढ वस्तू कधी तरी नवीच होती. ग्रंथांत नाही म्हणून नवी वस्तू नाकारायची तर जगात काही नवे येणारच नाही. अकबराला हा युक्तिवाद आवडला. स्वतः बादशहाने सवय लावून घेतली नाही, पण सरदारांनी लावून घेतली, व्यापाऱ्यांनी दुकाने मांडली. पुढे १६१७ साली जहांगीराने तंबाखू ओढण्यास मनाई केली. ती मनाई किती चालली, हे सांगायला इतिहासाच्या पुस्तकाची गरज नाही; कोणत्याही बसस्थानकाची भिंत पुरे.

शाळेत ही गोष्ट सांगितली, की मुलांची सहानुभूती असद बेगकडे जाते. नव्याचा पक्ष घेणारा माणूस तरुणांना आवडतोच. पण चारशे वर्षांनी हिशेब मांडला, तर बरोबर कोण होते? ते ग्रंथ चाळणारे, कुणाला न आवडणारे म्हातारे हकीम! व्यसनाला अडवायचे तर त्याच्या पहिल्या दहा-वीस वर्षांतच अडवावे लागते. एकदा त्याच्या शेतांवर माणसे जगू लागली, त्याच्या विड्या बायका वळू लागल्या, त्याच्या करावर सरकारचा खर्च चालू लागला, की मग ते व्यसन राहत नाही. तो उद्योग होतो. निपाणीच्या तंबाखू-उत्पादकांनी १९८१ साली शरद जोशींच्या नेतृत्वाखाली भावासाठी आंदोलन केले, त्यात गोळीबार होऊन शेतकरी मेले. ते काही विषाचे व्यापारी नव्हते. पोटासाठी उभी राहिलेली माणसे होती. अशा पिकाला उद्या सकाळपासून बंदी, असे म्हणण्याची कुणाची छाती आहे?

म्हणून मी बंदीचा पक्ष घेतो. हे स्पष्ट सांगितलेले बरे, कारण पुढे मी जे लिहिणार आहे त्यावरून कुणी उलटा समज करून घेईल. आंब्याच्या आणि पुदिन्याच्या वासाची नळी ही तीस वर्षे विड्या ओढलेल्या म्हाताऱ्यासाठी सजवलेली नसते. ती चौदा वर्षांच्या पोरासाठी सजवलेली असते. कोवळ्या मेंदूवर निकोटीनचा ठसा अधिक खोल उमटतो, हे वैद्यक सांगते. आणि ज्या घरात कुणी कधी विडी ओढली नाही, त्या घरातल्या मुलीलाही ही वस्तू ‘फॅशन’ म्हणून हाक मारू शकते. इंग्लंडने निराळी वाट धरली. तिथल्या सरकारी आरोग्यखात्याने २०१५ साली, ही वाफ सिगारेटीपेक्षा सुमारे ९५ टक्के कमी अपायकारक आहे असा अंदाज छापला आणि धूम्रपान सोडू पाहणाऱ्यांना ती वापरू दिली. त्याच इंग्लंडला १ जून २०२५ पासून वापरून फेकायच्या नळ्यांवर बंदी घालावी लागली, कारण त्या पोरांच्या दप्तरांत जाऊन पोचल्या होत्या. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. ज्याला धूर सोडायचा आहे त्याला वाफ मदत करते, हे आज चांगल्या पुराव्याने दिसते. आणि ज्याने काहीच धरलेले नाही त्याला ती नवे काही धरायला लावते, हेही दिसते. राज्यकर्त्याला यांतून एक निवडावे लागते. आपल्या सरकारने मुलांचा पक्ष निवडला. चुकीचे केले असे मला वाटत नाही.

खरा सल दुसरीकडे आहे.

माझ्या घरामागे एक कुटुंब राहते. गृहस्थ शेती करतात, सज्जन आहेत, वारीला जातात. त्यांचा थोरला मुलगा पुण्याला नोकरीला. तो एका दिवाळीला आला, तेव्हा त्याच्या खिशातून ही नळी निघाली. त्याची आई माझ्याकडे आली, ती पदराला डोळे पुसतच. “गुरुजी, तुम्हीच सांगा त्याला. पेपरात वाचलं, ह्यानं माणसं पटापट मरायलीत म्हणून. फुप्फुसं जळतेत म्हणं. अन् लेकरू म्हणतंय, आई, ही नुसती वाफ हाय.” मी त्यांच्याकडे गेलो. मुलगा अंगणात बसला होता, वडील ओट्यावर. मुलाने मला शांतपणे सांगितले, की कामाच्या ठिकाणी लागलेली दिवसाची पंधरा सिगारेटींची सवय त्याने या नळीवर सोडली आहे. वर्ष झाले, एकही ओढलेली नाही. वडील त्याला रागावत होते. पण रागावताना त्यांचे शब्द नीट फुटत नव्हते, कारण तोंड पुरते उघडत नव्हते. त्यांना ओठ मिटूनच बोलावे लागते. सुपारी-तंबाखूने गालांची आतली कातडी ताठरते आणि जबडा आवळत जातो. दोन बोटे तोंडात जाणे कठीण होते. हा रोग आमच्या भागात इतका परिचयाचा आहे, की त्याला रोग म्हणून कुणी विशेष मोजत नाही. त्या माउलीने नवऱ्याच्या तोंडाविषयी मला एक अक्षर विचारले नाही. सगळे अश्रू वाफेसाठी होते.

तिला दोष मी कसा देऊ? तिने वाचले ते छापलेलेच होते. २०१९ च्या उन्हाळ्यापासून अमेरिकेत तरुण माणसे फुप्फुसे निकामी होऊन इस्पितळांत येऊ लागली. फेब्रुवारी २०२० पर्यंत अशा रुग्णांची संख्या २,८०७ झाली आणि ६८ जण दगावले. ‘ई-सिगारेटचे बळी’ असे मथळे जगभर झळकले, आपल्याकडेही झळकले. मागून शोध लागला, तो असा, की बहुतेक रुग्णांनी बेकायदा बाजारातला गांजाच्या अर्काचा द्राव ओढला होता आणि त्यात ई-जीवनसत्त्वाचे एक तेलकट संयुग मिसळलेले होते. ५१ रुग्णांच्या फुप्फुसांतला द्राव तपासला, त्यांत ४८ जणांच्या द्रावात ते संयुग सापडले. म्हणजे मृत्यू खरे होते, मारेकरी बहुतांशी दुसरा होता. पण मथळा पहिल्या पानावर आला होता. शोध आला तो आतल्या पानावर, आणि आमच्या गावापर्यंत तर आलाच नाही.

इथे कुणी म्हणेल, मग बिघडले काय? भीती चुकीच्या कारणाने बसली, पण बसली ना? पोरे त्या वस्तूपासून दूर राहिली ना? चांगल्या कामासाठी थोडे अधिक घाबरवले तर त्यात पाप कसले? हा प्रश्न मला सोपा वाटत नाही. आपण सगळेच घरोघर तो रोज सोडवतो. विहिरीजवळ जाऊ नको, तिथे बागुलबुवा आहे, असे आजी सांगते. आजीचा हेतू निर्मळ आहे आणि विहीर खरोखर खोल आहे. पण पोर दहा वर्षांचे होते, धिटाई करून काठावर जाते, आत वाकून पाहते. बागुलबुवा नसतो. त्या क्षणी आजीवरचा त्याचा विश्वास जातो, आणि विहिरीची खोली तर त्याला कुणी कधी सांगितलेलीच नसते.

वाफेचे नेमके हेच होते. ‘एक झुरका आणि माणूस खलास’ असे वाचलेल्या मुलाचा मित्र दहा झुरके ओढून हसत समोर उभा राहतो. मग निकोटीन मेंदूला बांधून टाकते, ही खरी गोष्ट सांगायला आपण तोंड उघडतो तेव्हा तो म्हणतो, हेही त्यातलेच. दुसरीकडे ज्याने विडी सोडण्यासाठी वाफ धरली होती तो घाबरून पुन्हा विडीकडे वळतो; विडीविषयी इतक्यात काही भयंकर छापून आलेले नसते, कारण विडीचे मरण ही बातमी नव्हे. रोज मरणाऱ्यांची बातमी होत नाही, हा वर्तमानपत्रांचा दोष की आपल्या मनाचा, हे मला ठरवता आलेले नाही. आपण मागतो ते ते छापतात, असेही म्हणता येईल.

पण प्रमाणाचे भान म्हणून काही असते की नाही? २०१६-१७ साली देशभर प्रौढांची तंबाखूविषयक पाहणी झाली. महाराष्ट्रात पंधरा वर्षांवरील शंभर माणसांत चोवीसांहून अधिक तंबाखू खाणारी, दातांना लावणारी किंवा गालात धरणारी निघाली. ओढणारी चार देखील नव्हती. आपल्या राज्याचे व्यसन धूर नव्हेच, वाफ तर नव्हेच. आपले व्यसन ओल्या गालातले आहे. त्याची काळजी आपण घेतली नाही असेही नाही. २००२ साली राज्याने गुटख्यावर बंदी घातली. २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने, असा अधिकार राज्याच्या अधिकाऱ्याला नाही म्हणून ती रद्द केली. मग २०१२ च्या जुलैत नव्या अन्नसुरक्षा कायद्याखाली पुन्हा बंदी आली आणि वर्षावर्षाने वाढवली जात राहिली. ज्या मंत्रिमंडळाने ती आणली त्याचे गृहमंत्री आर. आर. पाटील २०१५ च्या फेब्रुवारीत तोंडाच्या कर्करोगाने गेले. शरद पवारांनी २००४ साली त्याच रोगाची शस्त्रक्रिया सोसली आणि पुढे सभांतून लोकांना सावध केले. म्हणजे वर बसलेल्यांना ठाऊक नव्हते असे नाही. त्यांच्या तर तोंडापर्यंत आले होते. तरीही रस्त्याच्या कडेला फाडलेल्या पुड्यांचा जो चकाकणारा सडा पडतो, तो बंदी घातलेल्या वस्तूचा आहे हे परमुलखातल्या माणसाला सांगून पटणार नाही. देशात तर ‘गुटखा नको म्हणता? घ्या’ म्हणून मसाला एका पुडीत आणि तंबाखू दुसऱ्या पुडीत, असा तोडगा निघाला. गिऱ्हाइकाने तळहातावर कायदा मोडून घ्यावा.

आगरकर मिल्लचे वाचक. ते आज असते तर त्यांनी या बंदीविषयी काय विचारले असते, याचा मी कधी कधी विचार करतो. मिल्लचे तत्त्व असे, की प्रौढ माणसाला त्याच्या हिताच्या नावाखाली अडवण्याचा समाजाला हक्क नाही; दुसऱ्याला इजा होत असेल तरच हात घालावा. निकोटीनपुढे हे तत्त्व थोडे लंगडे पडते, कारण पहिला झुरका माणूस ओढतो, शंभरावा झुरका माणसाला ओढतो. आणि ज्याचा पहिला झुरका चौदाव्या वर्षी झाला त्याला प्रौढ स्वातंत्र्य लाभलेच कधी? पण आगरकरांनी दुसरा प्रश्न विचारला असता असे मला वाटते, आणि तो अधिक अवघड आहे. जी वस्तू देशात तयार होत नाही, जिच्यावर इथल्या कुणाचे पोट नाही, जिच्या करावर तिजोरी अवलंबून नाही, ती अडवायला धैर्य किती लागते? आणि त्याच दिवशी बाजारात सिगारेट-कंपन्यांच्या समभागांचे भाव चढावेत, याचा अर्थ गुंतवणूकदारांनी काय लावला? आयुर्विमा महामंडळासारख्या सरकारी संस्था तंबाखूच्या धंद्यातल्या मोठ्या भागीदार आहेत, ही काही गुप्त बातमी नाही. यावरून बंदी वाईट ठरत नाही. चांगली गोष्ट सोयीची होती म्हणून वाईट होत नाही. पण तिला शौर्य म्हणू नये, एवढेच.

आणि अन्याय कुणावर झाला तो पाहावा. शहरातला पैसेवाला मुलगा वाचावा म्हणून कायदा धावला. ओट्यावर बसलेला शेतकरी, ज्याच्या खिशातली पुडी चहापेक्षा स्वस्त पडते, तो तसाच राहिला. त्याच्यासाठी कायदा होता, पण पहारा नव्हता. सोडण्यासाठी मदत तर फारच थोडी. पुण्याला अवचट पति-पत्नींनी १९८६ साली मुक्तांगण काढले, तिथे व्यसनी माणसाला गुन्हेगार न मानता आजारी मानून जवळ घेतले जाते. अशी दारे जिल्ह्याजिल्ह्याला असती तर त्या गृहस्थाला दटावण्यात अर्थ होता. निकोटीनचा च्युइंगगम औषधांच्या दुकानात मिळतो, हेदेखील आमच्याकडे फार थोड्यांना माहीत आहे. त्याचा मथळा कुणी छापत नाही.

त्या संध्याकाळी मी मुलाला सांगितले, की तू धूर सोडलास हे फार चांगले केलेस, पण आता ही नळीही सोडायची तारीख ठरव; बेकायदा बाजारातून येणाऱ्या द्रावात काय मिसळले आहे ते तुला कळत नाही, मला कळत नाही, विकणाऱ्यालाही कळत नसेल. त्याने मान हलवली, कबूल असे मात्र म्हटले नाही. मग मी त्याच्या आईला सांगितले, की याने पोरगा उद्या मरणार नाही; त्याच्याइतकीच, खरे म्हणजे त्याच्याहून जास्त, घाई यांच्या तोंडाची आहे, यांना हिंगोलीला किंवा नांदेडला दाखवा. बाई गप्प झाल्या. आपल्याच बाजूचा साक्षीदार फितूर व्हावा तसे त्यांनी माझ्याकडे पाहिले. ओट्यावरचे गृहस्थ हसले, जितके हसता येत होते तितके, आणि म्हणाले, “आता माझं काय गुरुजी, ही जुनी सवय.” मुलगा उठला, आतून कंदील आणला आणि वडिलांसमोर धरून म्हणाला, “बाबा, तोंड उघडा बरं.” त्यांनी उघडले. पोराने त्यात बोट घालून पाहिले. दुसरे काही जाईना. त्याने ते बोट तसेच धरून ठेवले आणि आईला जवळ बोलावले.